सात एस आणि आठ लाइट

जुईनगर,
८ सप्टेंबर २०२५

ती. अंकुशकाका यांस,
जय भीम.

काल नेरुळच्या विहारात मंडळाची सभा झाली. मी नव्हते. आजी होती. तिने सांगितलं आणि तुम्ही फोनवर बोललात, त्यावरून घडलं ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या गावच्या मंडळातल्या बहुतेक घरांनी एकाच दुकानातून ‘नभा ७ एस’ हा फोन घेतला.
२. हाच फोन घेतला, कारण मी नभा कंपनीत नोकरीला आहे.
३. घेण्याआधी मला कोणी विचारलं नाही. मला फोटो आला तेव्हा फोन खोक्याबाहेर निघाले होते.
४. या मॉडेलला कंपनीने दोन वर्षं सुरक्षा अपडेट कबूल केले होते. कंपनी ती वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजते, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. ती गेल्या महिन्यात संपली.
५. या महिन्यापासून जासईच्या तुमच्या कंटेनर यार्डाचं गेटवरचं ॲप जुनी सुरक्षा असलेल्या फोनवर उघडत नाही. मंडळातले जे ट्रेलर चालवतात त्यांना कागदी पासच्या रांगेत थांबावं लागतं आणि त्यांच्या फेऱ्या बुडतात.
६. सभेत हा विषय निघाला तेव्हा तुम्ही चिटणीस म्हणून उभे राहिलात आणि म्हणालात, “माझी पुतणी धम्मचक्र दिनाच्या आत हे नीट करील. नाही झालं तर मी चिटणीसपद सोडतो.”
७. असं म्हणण्याआधीही मला विचारलं नाही.

मी अपडेट तपासणाऱ्या गटात आहे. अपडेट चालतो का, हे मी सांगते. तो द्यायचा का, हे मी ठरवत नाही. तुम्ही माझ्या वतीने जो शब्द दिलात तो माझ्या हातातला नाही.

फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते, म्हणून लिहिते आहे. शिवाय मंडळात तोंडी तक्रार धरत नाहीत, हा नियम मला तुम्हीच शिकवलात.

क्रांती


जासई,
१२ सप्टेंबर २०२५

चि. क्रांतीस,
सप्रेम जय भीम.

तुझी नोटीस पोचली. नोटीसच म्हणायची, घरच्या पत्रात एक ते सात आकडे कोण घालतं गं? काकूला वाचून दाखवली तर ती म्हणाली, “कोर्टात कधी जायचंय?”

लिहिलंयस ते सगळं खरं. पण तिसऱ्या कलमात एक राहिलं, ते मी सांगतो. तुला विचारलं नाही कारण तुला चकित करायचं होतं. आम्ही नेरुळच्या त्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदार स्वतः म्हणत होता, “काका, हे मॉडेल जुनं झालं. सात प्लस बघा, सात निओ बघा, आठ आलाय.” मी म्हटलं, नाय. आमची पोरगी ज्या फोनवर बसून काम करते तोच दे. आईला, तुझ्या आजीला, आधीच विचारून ठेवलेलं, क्रांती घरी कुठल्या फोनचं नाव घेते? ती म्हणाली, सात एस, सात एस करत असते झोपेत पण. मग काय! दुकानदाराने गोदामातून शोधून शोधून काढले. सगळ्यांना अभिमान, की हा आपल्या पोरीच्या हाताखालून गेलेला माल. लेझीमवाल्यांनी तर फोन हातात धरून फोटो काढले. तू उत्तर काय दिलंस? “छान.” बस्स. आम्ही तेवढ्यावर महिनाभर खूश होतो.

आता तू सांगतेस, दोन वर्षांत संपला. आई म्हणते, कोंबडीसुद्धा जास्त जगते. आणि मला एक सांग, सात, सात एस, सात प्लस, सात निओ, आठ, आठ लाइट, तुमची कंपनी फोन काढते का बारसं घालत बसते? पोरं जन्माला घालायची आणि शाळेत कुणालाच नाय घालायचं, असला प्रकार झाला हा.

तर माझं म्हणणं असं. तू येत्या रविवारी तुझा लॅपटॉप आणि ती वायर घेऊन विहारात ये. मी सगळे फोन ओळीने मांडून ठेवतो. तू एकेकाला टोचत जा, लसीच्या शिबिरासारखं. काकू पोहे करील. कंपनीला कळायचं काय कारण?

मी मजेत. गेटवर काम नेहमीसारखं चालू. टेन्शन घेऊ नको.

तुझा
अंकुशकाका


जुईनगर,
१६ सप्टेंबर २०२५

ती. काका,
जय भीम.

रविवारी मी येणार नाही. कारणं लिहिते.

फोनमध्ये जे जातं त्यावर कंपनीची डिजिटल सही लागते. सही नसलेलं काही मी वायरने घातलं, तर यार्डाचं ॲप ते ओळखेल आणि उघडणार नाही. बँकेचं ॲपही बंद होईल. आज अर्धा फोन चालतो आहे, तोही जाईल. आणि समजा चाललं असतं, तरी मी आणलं नसतं. कंपनीच्या आतलं काही पिशवीत घालून नातेवाइकांना वाटणं हे मी करत नाही.

शाळेचं तुम्ही म्हणालात ते मात्र बरोबर आहे. प्रत्येक मॉडेलचा अपडेट वेगळा बांधावा लागतो आणि वेगळा तपासावा लागतो. कॅमेरा, बॅटरी, सिम, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी लागले तेव्हा आमच्या गटाकडे चार मॉडेलं होती. आता तेवढ्याच माणसांकडे एकोणीस आहेत. नवं आलं की जुनं यादीतून काढतात. काढताना कोणी विचारत नाही की ते कोणाच्या खिशात आहे.

सात एसबद्दल एक गोष्ट मला माहीत आहे. ती कामावर कळलेली आहे, म्हणून सांगणार नाही.

तुम्ही एक करा. मंडळाच्या नावाने कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र लिहा. त्यात चार गोष्टी हव्यात. मॉडेलचं नाव. घेतल्याची तारीख, बिलासह. यार्डाचं ॲप केव्हापासून उघडत नाही. आणि फोनच्या खोक्यावर अपडेटबद्दल जे छापलं आहे ते शब्द, जसेच्या तसे. खोकी टाकली नसतील तर बघा, ती दोन वर्षं कुठून मोजायची हे खोक्यावर लिहिलं आहे का. भाषण नको. शिव्या नकोत.

पत्रात माझं नाव कुठेही येऊ देऊ नका. आपलं नातंही नको.

क्रांती


आपला गाव बौद्धजन मंडळ, नवी मुंबई शाखा
२० सप्टेंबर २०२५

आयु. क्रांती गमरे यांस,
सविनय जय भीम.

आपले पत्र मिळाले. आपल्या सूचनेप्रमाणे खोकी तपासली. त्यांवर “दोन वर्षे सुरक्षा अपडेट” एवढेच छापलेले आहे. कधीपासून, ते लिहिलेले नाही.

आपले नाव व नाते कोठेही येणार नाही याची मंडळ काळजी घेईल. आपल्या नोकरीच्या ठिकाणी आमच्यामुळे आपणांस कमीपणा येऊ नये, ही गोष्ट आम्ही समजू शकतो. आम्ही यार्डातली माणसे आहोत. आपण काचेच्या इमारतीत बसता. आपल्या नियुक्तीची बातमी मंडळाच्या फलकावर वर्षभर लावून ठेवली होती, तीही आपणांस अडचणीची वाटत असल्यास कळवावे. काढून टाकू.

कळावे,
अं. सि. गमरे
चिटणीस


जासई,
२१ सप्टेंबर २०२५

क्रांतीताई,

पप्पांनी तुला लेटरहेडवर पत्र टाकलंय. पाकीट मीच चिकटवलं म्हणून माहीत आहे. “आपण आपण” करून लिहिलंय ना? आमच्यावर चिडले की ते असंच बोलतात. “सोनमताई, आपण जेवलात का?” म्हणाले की समजायचं, आज काही खरं नाही.

पण तू पण ताई, एवढं कोरडं कशाला लिहायचं? नाव घालू नका, नातं घालू नका. त्यांनी ते दोनदा वाचलं. मला म्हणाले, “पोरीला लाज वाटते आपली.” मी म्हटलं, असं नसेल. तर म्हणाले, “मग कारण का नाही लिहिलं? ती तर सगळ्याची कारणं लिहिते.”

तुला दोन गोष्टी माहीत नाहीत. आजीला त्यांनी बजावलंय, म्हणून तीही बोलणार नाही. मी बोलते.

सभेत सितारामदादा, ते ट्रेलरवाले, उठून म्हणाले की कंपनी असल्या माणसांना कमिशन देते. पोरीने कमिशन खाल्लं असणार आणि काकाने आपल्या गळ्यात सडका माल मारला. तेव्हा पप्पा उठले आणि ते पद सोडायचं बोलले. पप्पा तुझ्या नावाने बढाई मारत नव्हते ताई. त्यांना फक्त तिथल्या तिथे तो विषय बंद करायचा होता.

दुसरं. पप्पा गेटवर नाहीत. आत येणाऱ्या कंटेनरला कुठे ठोका बसून पोचा आलाय, कुठे गंज आहे त्याचे फोटो काढून ॲपवर चढवायचे, हे त्यांचं काम. ॲपच उघडत नाही तर त्यांचा उपयोग काय? त्यांना रिकामे कंटेनर धुवायच्या ठिकाणी टाकलंय. सुपरवायझर म्हणाला, ॲप असलेला फोन आणा, मग गेटवर या. मी म्हटलं, पप्पा, दुसरा फोन घेऊ. तर म्हणाले, “मी फोन बदलला तर सिताराम म्हणेल, बघा, काकाचाच पुतणीवर भरवसा नाही.” रोज बूट ओले करून येतात आणि म्हणतात, गेटवर पाणी साचलं होतं.

हे मी सांगितलं असं म्हणू नकोस.

सोनम


जुईनगर,
२४ सप्टेंबर २०२५

ती. काका,
जय भीम.

मला काही गोष्टी कळल्या आहेत. कोणाकडून, ते विचारू नका. पहिल्या पत्रातलं सातवं कलम मी मागे घेते.

नाव का नको, ते मी लिहायला हवं होतं. आता लिहिते.

कॉलेजच्या प्रवेशाला तुम्ही माझ्यासोबत आला होता. खिडकीतल्या माणसाने विचारलं, “आत कोणाची ओळख आहे का?” तुम्ही म्हणालात, “ओळख नाही. यादीत नाव आहे.” त्याने यादी पाहिली आणि फॉर्म घेतला. मला त्या वेळी काय वाटलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आताही मला ते नीट सांगता येणार नाही.

मंडळाच्या तक्रारीसाठी मला तेच हवं आहे. पत्रात ‘आमची पुतणी तुमच्याकडे नोकरीला आहे’ असं आलं, की ती तक्रार राहत नाही, ओळख होते. मग कोणीतरी मला बोलावून म्हणेल, “तुझ्या काकांचे चार फोन आणून दे, करून देऊ.” चार फोन होतील. बाकी ज्यांनी हा फोन घेतला आणि ज्यांची पुतणी कुठेच नोकरीला नाही, त्यांचं काय? खोक्यावरचा शब्द त्यांनाही दिलेला आहे.

कमीपणाचं तुम्ही लिहिलंत. माझ्या टेबलावर कंपनीने दिलेल्या नावाच्या पाटीशिवाय एकच वस्तू आहे. गेल्या वर्षीचा तो फोटो, लेझीमवाल्यांसकट. मी “छान” लिहिलं होतं कारण त्याहून मोठा शब्द मला सुचला नाही.

फलकावरची बातमी काढू नका.

दोन ऑक्टोबरला, धम्मचक्र दिनाला, मी विहारात येईन. कमिशनचा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांनी तो मला समोर विचारावा. मी उत्तर देईन. तुम्ही मधे बोलू नका.

क्रांती


जासई,
६ ऑक्टोबर २०२५

चि. क्रांतीस,
खूप खूप जय भीम.

सोनमला मी काही बोललो नाही. पण घरात बूट कुणी उचलून ठेवले ते मला कळतं.

तू आलीस, उभी राहिलीस, चार वाक्यं बोललीस आणि खाली बसलीस. “मला पगाराशिवाय काही मिळत नाही. अपडेट आलेला नाही. तो येईल असं मी सांगू शकत नाही. काकांनी दिलेला शब्द माझ्यावर आळ आला म्हणून दिला होता.” एवढंच! मी हात जोडून बसलो होतो, की बाय, अजून थोडं बोल, जरा गोड बोल. तू पाणी प्यालीस आणि आईला घेऊन निघून गेलीस.

तू गेल्यावर काय झालं ते ऐक. सिताराम म्हणतो, “पोरगी बोलते का इस्त्री फिरवते?” हसली सगळी. मिथुन, तो पण ट्रेलरवरच असतो, म्हणाला, “दादा, तुमच्याच शर्टावर फिरली ती.” अजून हसली. मग मी उठलो. म्हटलं, शब्द दिला होता, आज तारीख आली, फोन झाले नाहीत. मी पद सोडतो. खिशातून राजीनामा काढला पण. तेवढ्यात मागून आवाज. बघतो तर आई! चप्पल बदलली गेली म्हणून परत आली होती. दारातूनच ओरडली, “खुर्ची सोडून पळतो कुठं? आधी तक्रार कोण लिहिणार? ती लिही, मग तुला कुठं जायचं तिथं जा.”

राजीनामा नामंजूर झाला. तिथंच बसून तक्रार लिहिली आणि वाचून दाखवली. तू सांगितलंस तशीच, चार गोष्टी. मिथुन म्हणाला, “एवढीच? एक तरी शिवी घाला.” मी म्हटलं, शिवी घातली की त्यांना उत्तर सोपं जातं. हे माझ्या डोक्यातलं आहे, तुझ्या पत्रातलं नाही, लक्षात घे.

सह्या सगळ्यांनी केल्या. सिताराम आधी अडून बसला. त्याने रागाच्या भरात नवा फोन घेतलाय, तुमचाच, आठ लाइट. मला तोंडावर दाखवतो, “बघा अंकुशराव, याला म्हणतात फोन. काय स्पीड, काय कॅमेरा! तुमच्या सात एसची सर नाही. मी सुटलो, मी कशाला सही करू?” तेव्हा त्याची बायको बायका बसल्या होत्या तिथून म्हणाली, “जुना माझ्या गळ्यात घातलात ना? मग माझ्यासाठी करा.” केली.

स्पीड पोस्टाने परवा पाठवली. कुठेही तुझं नाव नाही. मंडळाचा शिक्का मात्र मी दोनदा मारला, जरा ठळक उठावा म्हणून.

कंटेनर धुण्याबद्दल तू कुणाला बोलू नको. पाणी चांगलं असतं तिकडं. पाय स्वच्छ राहतात.

तुझा
अंकुशकाका


जुईनगर,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. काका,
जय भीम.

तक्रार पोहोचली. तक्रार विभागाने ती तांत्रिक अभिप्रायासाठी आमच्या गटाकडे पाठवली. सात एस माझ्याकडे होता, म्हणून ती माझ्याकडे आली.

निर्णय होईपर्यंत मी यावर तुमच्याशी बोलणार नाही आणि लिहिणारही नाही. दिवाळीला भेटलो तरी विचारू नका. सोनमलाही विचारायला लावू नका.

आजी बरी आहे. तिने तिच्या फोनवर गाणी मोठ्याने लावली आहेत.

क्रांती


जासई,
१ नोव्हेंबर २०२५

चि. क्रांतीस,

आला!

काल सकाळी मी पाण्याचा पाइप बाजूला ठेवला आणि बघतो तर फोनवर निशाणी. “नवीन सुरक्षा अपडेट उपलब्ध.” मी दोनदा वाचलं. मग चार्जरला लावून समोर स्टुलावर बसलो, भात शिजायची वाट बघतात तसा. फोन बंद झाला, परत उठला, आणि यार्डाचं ॲप उघडलं बाय! तसाच सुपरवायझरकडे गेलो. त्याने बघितलं आणि म्हणाला, “जा गेटवर.” मी ओल्या बुटांनीच गेलो. पहिला कंटेनर आत आला त्याच्या डाव्या कुशीला बोटभर ठोका होता. असा फोटो काढला त्याचा, की लग्नात नवरीचा काढत नसतील.

पण खरी गंमत पुढे. दुपारी गेटबाहेर सगळे ट्रेलरवाले जमले, सगळ्यांचे फोन चार्जिंगला. सिताराम पण आला, कारण बायकोचा जुना सात एस त्याच्याकडेच दिलेला, अपडेट करून आण म्हणून. एका हातात सात एस, एका हातात आठ लाइट. तर दोन्हीवर एकच निशाणी. मिथुनने मोठ्याने वाचलं, “हा अपडेट नभा ७ एस आणि नभा ८ लाइट या मॉडेलसाठी आहे. दोन्ही मॉडेलचे अंतर्गत भाग समान आहेत.”

सिताराम म्हणतो, “समान म्हणजे?”
मिथुन म्हणाला, “समान म्हणजे सेम, दादा. पाठीचं झाकण तेवढं निळं.”
“म्हणजे मी तोच फोन परत घेतला?”
“तीच बायको, दुसऱ्यांदा लग्न. आहेर पण तुम्हीच दिला.”

अख्खा गेट हसला गं. सिक्युरिटीवाला पण हसला. सिताराम आधी लाल झाला, मग तोच हसायला लागला. मग बाजूला येऊन मला म्हणाला, “हे छापायला लावणारं कोण असेल, मला कळतंय. एवढं खरं छापणारीने कमिशन काय खाल्लं असणार! माझं चुकलं. तिला सांगा.” मी म्हटलं, मंडळात तोंडी धरत नाहीत. लिहून दे. त्याने लिहून दिलंय. सोबत जोडलंय, अक्षर वाईट आहे, भावना घे.

आता मुद्दा. मंडळाने ठरवलंय, रविवारी नऊ तारखेला विहारात तुझा सत्कार. नाही म्हणू नको. शाल नको म्हणशील तर शाल नाही, फूल देऊ. पण माणसांना टाळ्या वाजवायच्यात, त्या आता आवरत नाहीत.

तुझा
अंकुशकाका
(गेट नंबर दोन)


जुईनगर,
३ नोव्हेंबर २०२५

ती. अंकुशकाका यांस,
जय भीम.

तुमचं पत्र आजीने दोनदा वाचून घेतलं. गेटवर परत गेलात हे वाचून मला बरं वाटलं. सितारामदादांची चिठ्ठी मिळाली. त्यांना सांगा, विषय संपला.

आता अपडेट सगळ्यांच्या फोनवर आला आहे, म्हणून जे आधी सांगता येत नव्हतं ते सांगते.

सात एस यादीतून काढू नये, असं मी मे महिन्यात लेखी दिलं होतं आणि जूनमध्ये पुन्हा दिलं होतं. दोन्ही वेळा उत्तर आलं की तपासायला माणसं नाहीत. आठ लाइट आला तेव्हा मला दिसलं की आत तोच फोन आहे. झाकण आणि नाव बदललं आहे. म्हणजे आठ लाइटसाठी जो अपडेट तयार होतो तो सात एसला थोड्या बदलाने चालायला हवा. वेगळी माणसं लागत नाहीत. पण तसं केलं, तर हे दोन फोन एकच आहेत हे उघड होतं. कंपनीची अडचण खरी ती होती.

तुमची तक्रार आली तेव्हा मी अभिप्रायाच्या पहिल्या ओळीत लिहिलं की तक्रारदार मंडळाचे चिटणीस माझे काका आहेत, आणि तक्रार लेखी करा असं त्यांना मीच सांगितलं. माझा अभिप्राय दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावा, असंही लिहिलं. त्यांनी घेतला. तपासणाऱ्याचं मतही तेच आलं. खोक्यावरचे शब्द कायदा विभागाकडे गेले. ‘कधीपासून’ हे छापलेलं नाही, हे त्यांनी लेखी मान्य केलं. तुमचं पत्र चार परिच्छेदांचं होतं. त्यातला एक शब्दही कोणाला खोडता आला नाही. आमच्याकडे वकिलांची पत्रं येतात, ती इतकी नीट नसतात.

अपडेट द्यायचं ठरलं. मग अरुणा मॅडम, आमच्या प्रमुख, म्हणाल्या की दोन मॉडेलसाठी दोन वेगळ्या सूचना काढू आणि चाचणीचे दोन वेगळे अहवाल करू. मी म्हटलं, चाचणी एकच झाली आहे, मी अहवाल एकच लिहीन. त्या म्हणाल्या, “क्रांती, ही फक्त भाषेची गोष्ट आहे.” मी म्हटलं, त्यावर सही माझी आहे. दोन दिवस ते तसंच पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी एकच सूचना निघाली. मिथुनने गेटवर वाचली ती ओळ मी लिहिलेली आहे.

त्यानंतर माझी बदली झाली. नोकरी आहे, पगार तोच आहे. आता नवीन मॉडेलच्या खोक्यावरचा मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आहे. हे काम शिक्षा म्हणून दिलं आहे असं ऑफिसात मानतात. तुम्ही मानू नका. पुढच्या खोक्यावर ‘दोन वर्षे’ या शब्दांपुढे ‘कधीपासून’ हे छापलं जाईल की नाही, ते आता माझ्या टेबलावरून जातं. यावरून अरुणा मॅडमना भेटायला येण्याचा विचार करत असाल तर तो सोडा.

सत्काराबद्दल. माझा सत्कार करू नका. मी पगार घेऊन काम केलं. पण रविवारी मी येईन आणि टाळ्या मीही वाजवीन, मंडळासाठी. हा फोन देशात जिथे जिथे विकला गेला तिथे तिथे हा अपडेट पोहोचला आहे. ज्यांना मिळाला त्यांना आपला गाव कुठे आहे हेही माहीत नाही. कोणाची ओळख न लावता, आपल्या लोकांनी चार परिच्छेदांत हे मिळवलं. मला याचा अभिमान वाटतो. हा शब्द मी सहसा वापरत नाही.

एक काम राहिलं आहे. काही फोनवर जागा कमी असल्यामुळे अपडेट अर्ध्यात थांबतो, असं दिसून आलं आहे. मंडळात असे कोणाकोणाचे फोन आहेत ते घरोघर विचारून घ्या. प्रत्येकाचं नाव आणि फोनवर जो संदेश दिसतो तो जसाच्या तसा लिहा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे स्वतः जा, ती फोनवर सांगणार नाहीत. शुक्रवारी मी सात एसचं काम दुसऱ्याच्या हाती देते. त्यानंतर मला त्यात काही करता येणार नाही.

म्हणून गुरुवार, ६ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाठवा.

क्रांती